पट्टी बांधलेली शेफाली

सुनेने फारच आग्रह केला म्हणून विश्रांतवाडीच्या कुमुदिनीताई सोसायटीतल्या बायकांबरोबर पानशेतला तंबूत राहायला आल्या होत्या. सकाळी खेळ सुरू झाले. जोडीतल्या एकीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दुसरीने तिला हाताला धरून माळावर फिरवायचं. ताईंच्या वाट्याला तळमजल्यावरची शेफाली आली. तिचा हात त्यांनी कुणी न शिकवता मनगटाजवळ धरला.

"पुढे दगड आहे, पाय उचल."

"काकू, तुम्हाला चांगलीच सवय दिसतेय," शेफाली म्हणाली.

"यांची नजर गेल्यावर मी त्यांना रोज बागेत न्यायचे ना. नुसतं चालवून भागायचं नाही, काय काय दिसतंय तेही सांगावं लागायचं."

"मग मलाही सांगा."

ताई सांगू लागल्या. पाण्याकाठी बगळा उभा आहे, समोरच्या डोंगरावरून ढगाची सावली सरकतेय. यजमान गेल्यापासून त्या कितीतरी गोष्टी पाहत होत्या, पण सांगायला कुणी नव्हतं.

शिट्टी वाजली. बाकीच्या जोड्या चहाकडे वळल्या.

"त्या झाडापर्यंत येतेस?" ताईंनी हळूच विचारलं.

शेफालीने पट्टी तशीच राहू दिली. "चला," ती म्हणाली, "कसलं झाड आहे?"