अठरा ठिपके

वर्गात इंदिरेच्या हातून खडू पडला. आज दुसऱ्यांदा. पोरी हसल्या.

लहानपणी आजोळी नियम होता: आजीला कपबशी द्यायची नाही. पितळी पेला द्यायचा, तोही अर्धा भरून.

मुलाचा फोटो. उंच, घारा, दोन्ही हात पाठीमागे.

टेलिफोन डिरेक्टरी, वर्धा जिल्हा, १९९८.

इंदिरेची आई बाळंतपणात गेली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. इंदिरा आता त्रेचाळीस.

फोटो भैय्याजींनी आणला. अल्लीपूरला त्यांचं किराणा दुकान, आणि नाद स्थळं जुळवायचा. सिंदी मेघेच्या घरात ते इंदिरेच्या मुलीसाठी, स्वरदासाठी, निशांत वांडिकेचं स्थळ घेऊन बसले होते.

"हे कसलं आडनाव?" इंदिरेच्या नवऱ्याने, श्रीनिवासने विचारलं.

"भोसल्याइच्या तोफखान्यात हॉलंडचा एक गोलंदाज होता म्हनते. व्हान डाइक. इकडचीच बायको केली, हिंगणीकडे वावर घेतलं, अन् झाला वांडिके. आता घारे डोळे तेवढे राह्यले."

"हात मागे काऊन घेतले त्यानं?" इंदिरा म्हणाली.

"बाई, तुमी मास्तरीन. नखं तपासता का जवायाचे?"

सगळे हसले. इंदिरा हसली नाही. तिच्या शाळेत कुणीतरी सांगितलं होतं, वांडिक्यांचे हात चाळिशीनंतर आपोआप नाचायला लागतात. मग मान. मग डोकंही बिघडतं.

तिने डिरेक्टरी काढली. हिंगणघाट चार. आर्वी दोन. हिंगणी एक. नागपूरची डिरेक्टरी शाळेत होती: अकरा. नकाशावर तिने अठरा ठिपके दिले आणि स्थळाची चौकशी म्हणून एकेक फोन लावत गेली. कुणी गोड बोललं. कुणी 'हात' ऐकताच फोन ठेवला. ठेवला की ती तो ठिपका लाल करायची.

नऊ लाल.

हिंगणीच्या रुख्माबाईंनी फोन ठेवला नाही.

"माहे मालक असेच गेले, बाई. चमचा तोंडात जाये नाई. सासरे बी तसेच. बापाकडून पोराले येते."

"आणि मुलींना?"

"पोरी जातात ना दुसऱ्याच्या घरी. आडनाव बदललं, त्याइचं कोन मोजते?"

इंदिरेने दहावा ठिपका लाल केला. त्याच दिवशी भैय्याजींना नकार कळवला.

"मला विचारलंसुद्धा नाही," स्वरदा म्हणाली. फोटो तिच्या पुस्तकात होता. "मी दोनदा बोलले त्याच्याशी. चांगला आहे, आई."

"असेल."

"मग?"

"तुला पुढे कळेल. ते आपल्या घरात येऊ द्यायचं नाही मला."

स्वरदा रडत आत गेली. इंदिरेने नकाशाची घडी घातली. घडी सरळ पडेना. पुन्हा घातली. पोरगी वाचली.

श्रीनिवास पेपरावरून बघत होता.

"इंदू, बोटं काऊन हलवून राह्यली?"

"कुठे?"

तिने खाली पाहिलं. उजव्या हाताची करंगळी मांडीवर उचलली जात होती, पडत होती. तिने ती डाव्या हाताने दाबून धरली.

इंदिरेच्या आईची आई १९२९ साली लग्न होऊन अल्लीपूरला आली. त्याआधी तिचं आडनाव वांडिके होतं.