पहिला पाट

मोरोपंत वकिलांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. ज्याला त्याला सांगायचे, "आमच्या पंगतीत जात नाही. फक्त नंबर आहे."

खरं होतं ते. मी तेल्हाऱ्याच्या कुणब्याची पोर, पुढच्या शिक्षणासाठी अकोल्याला त्यांच्या घरी राहिले, आणि १९५७ साली त्यांनी मला आपल्या पंगतीला बसवलं. त्याबद्दल मी त्यांना आजही हात जोडते. पण त्यांच्या त्या नंबराची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं.

जेवायला बसायची जागा परीक्षेच्या निकालाने ठरायची. वकीलकाकांच्या उजव्या हाताला पितळी फुलं ठोकलेला शिसवी पाट. ज्याचे मार्क जास्त, तो तिथे. मग साधा पाट. गोदावरीकाकू वाढायला तिथूनच सुरुवात करायच्या आणि तुपाची धारही आधी तिथेच पडायची. पोटच्या पोरीला घास घालायलाही निकाल लागायचा त्या घरात!

पोरगी म्हणजे अनुपमा, त्यांची एकुलती एक. आम्ही एकाच वर्गात. पाचवीपासून पहिला नंबर तिने सोडला नव्हता आणि पहिला पाटही. मॅट्रिकच्या वर्षी सहामाहीत मी तिच्या पुढे गेले. पुढे काय होणार ते ठाऊक असतं तर मी एखादं गणित सोडून दिलं असतं, असं कुणी म्हणेल. मी नसतं सोडलं. गणित काय गुन्हा होता?

त्या दिवशी वकीलकाकांनी हसतमुखाने मला पितळी पाट दाखवला. "न्याय म्हणजे न्याय," म्हणाले. अनू मुकाट्याने साध्या पाटावर बसली आणि ताटावरून उठली, ती जवळजवळ न जेवताच. मग रोज काहीतरी निघू लागलं. पोट दुखतंय, भूक नाही, मराठीचा धडा राहिलाय. वेणी घालताना तिच्या केसांचे पुंजके हातात यायचे. मी पाट बदलायला गेले तर वकीलकाका गरजले, "बस खाली! दया दाखवून तिला आळशी करू नकोस." काकू पदराला डोळे पुसायच्या आणि पुन्हा त्याच पाटापासून वाढायला लागायच्या. माझा संताप संताप व्हायचा. सगळ्या घराला डोळे होते आणि बघत मात्र कुणीच नव्हतं.

बघितलं माझ्या बापाने. पौषातल्या एका रविवारी भगवंतराव, म्हणजे माझे बाबा, तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन आले. काकूंनी सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, आमटी केली. बाबा समोरच्या भिंतीशी बसले आणि पहिला घास हातातच धरून अनूकडे बघत राहिले.

"हे पोरगी काहून वाळून राहिली, वकीलसाहेब?"

"अभ्यास करते, भगवंतराव. अभ्यासाने असं व्हायचंच."

मला वाटलं, आता बाबा त्यांना चांगलं सुनावतील. ते वळले माझ्याकडे.

"जमुना, सामान बांध. अभ्यासानं असं होत असन, त मले नाही शिकवा लागत माही पोर."

"बाबा, मी त दोनदा घेऊन जेवतो नं!"

"आज जेवून राहिली. मॅट्रिक होईपर्यंत तुही बी हेच गत होईन. चाल घरी."

मी वकीलकाकांकडे पाहिलं. बोलणारा माणूस, कोर्टात न्यायाधीशाला गप्प करणारा. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मुलींना ताण झेपत नाही. आणि आमच्या अनूचाही अभ्यास निवांत होईल." मग पितळी पाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "अनू, जमुना उठली की ये इथे."

एकाला पोरीचे फक्त मार्क दिसत होते, दुसऱ्याला फक्त अंगावरचं मांस. आणि दोघांचं एकमत कशावर झालं, तर माझी शाळा बंद करण्यावर! मला रडू आलं नाही. ताट भिरकावून द्यावंसं वाटलं.

अनू उठली. पण पितळी पाटाकडे आली नाही. स्वतःचं ताट घेऊन बाबांच्या समोर उघड्या फरशीवर बसली.

"आई, मला भाकरी वाढ."

काकूंनी वाढली. अनूने मोठा घास मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात कोंबला.

"काका, बघा. मी जेवते. शिकणाऱ्या मुली जेवतात. जमुनाला नेऊ नका." आणि पुन्हा म्हणाली, "आई, अजून वाढ."

सवय मोडलेलं पोट ते. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ती खातच राहिली. बाबांनी आपला पाण्याचा गडू तिच्यापुढे सरकवला.

"सावकाश, माय. सावकाश जेव. नाही नेत मी तिले."

वकीलकाका काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात काकू माझ्यापाशी आल्या. "ऊठ गं," एवढंच म्हणाल्या. मी उठताच त्यांनी पितळी पाट उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि त्यावर पाण्याची घागर ठेवली. तो पाट मग तिथेच राहिला. वकीलकाकांनी तो परत मागितला नाही, आणि चूक झाली असंही कधी म्हटलं नाही.

आम्ही दोघी मॅट्रिक पास झालो. आमच्यात पहिली कोण, हे लोक अजून हौसेने विचारतात. मी सांगत नाही. माझी शाळा वाचावी म्हणून ती पोर त्या दिवशी रडत रडत जेवली. त्याआधी ती उपाशी उठत होती, तेव्हा या विचारणाऱ्यांपैकी एकालाही काही विचारावंसं वाटलं नव्हतं.