आईचं दुखणं

दादा कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचा. आईच्या पोटातली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा त्याने तिला पित्त झालंय म्हणून सांगितलं आणि धाकट्या बहिणीला स्वयंपाकघरात गाठून बजावलं, "तू काही बोलू नकोस. ज्यात सगळ्यांना कमी त्रास, तेच योग्य."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सगळ्यांना म्हणजे तुला. दुखणं तिचं आणि निर्णय तुझा?"

दादा तत्त्वं समजावू लागला. ती उठली आणि आईजवळ बसून तिने सगळं खरं सांगितलं.

आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने दादाला बोलावलं. "ऑपरेशन करायचं की नाही, ते मी ठरवीन. तू फक्त डॉक्टरांकडे घेऊन चल."

दादा तिला घेऊन निघाला. धाकटीचा राग मात्र कित्येक दिवस निवला नाही.