एकविसावी फाईल

प्रेस मशीनने तिच्या उजव्या हाताचं एक बोट खाल्लं, आणि मुकादमाने लिहून दिलं की मशीनची हात वाचवणारी जाळी बाईने स्वतःच काढली होती. वेळ, अकरा अठ्ठावीस. सही, शिक्का, काम खलास. सोमवारी चौकशी. तिथे हेच खरं ठरलं तर नोकरी जाणार, वर निष्काळजी म्हणून नाव होणार ते वेगळंच.

तिने कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. साहेबांनी हसत पेनड्राइव्ह टेकवला. सकाळी आठपासूनच्या दहा-दहा मिनिटांच्या फाईली, नावाला नुसते आकडे, एक ते साठ. बसा बघत, म्हणाले. तुला काय कळणार, हे तोंडाने म्हणाले नाहीत, चेहऱ्याने म्हणाले.

घरी पहिली फाईल उघडली तर स्क्रीनवर काळंकुट्ट. नणंद म्हणाली, वहिनी, रिकामा डबा दिलाय तुला. उजव्या हाताला पट्टी, म्हणून तिने माऊस डाव्या हाताने धरला आणि अर्धा दिवस घालवून व्हिडिओ चालवणारा दुसरा प्लेअर उतरवून घेतला. त्यात हॉल दिसला. मशीनं दिसली. सगळ्या फाईली ओढून यादीत टाकल्या, तर एकनंतर दहा, दहानंतर अकरा, आणि दोन पार एकोणीसच्या मागे. मग एकेरी आकड्यांपुढे एकेक शून्य लावत बसली. यादी रांगेत उभी राहिली तेव्हा रांगेतलं भोक दिसलं. वीसनंतर थेट बावीस.

एकविसावी म्हणजे अकरा वीस ते अकरा तीस.

"वहिनी, पुरे आता. नेमकी तीच उडवलीय मेल्यांनी."

ती हट्टाने पहिल्या फाईलपासून बघायला बसली. कोपऱ्यात कॅमेऱ्याची वेळ, आठ. मागे भिंतीवरचं घड्याळ, सव्वाआठ. ती अशी हसत सुटली की नणंदेने चहा तसाच सोडून धाव घेतली.

भिंतीवरचं घड्याळ मुकादम पंधरा मिनिटं पुढे ठेवायचा. वेळेवर आलेल्यालाही उशिराचा शेरा. संध्याकाळी सुटीची वेळ मात्र स्वतःच्या मनगटावर बघायचा. अहवालातली वेळ त्याने भिंतीवरून उचलली आणि त्याच वेळेची फाईल उडवली. खरी वेळ अकरा तेरा, ती विसावीत शाबूत. उघडून बघितली असती तरी त्यालाही काळंकुट्टच दिसलं असतं.

विसावी फाईल. मुकादम पाना घेऊन येतो, स्वतःच्या हाताने जाळी उतरवतो, हात चालव म्हणून बोट नाचवतो. पुढचं तिने एकदाच बघितलं. पुन्हा बघायची पाळी त्यांची.

सोमवारी चौकशी अधिकाऱ्यांसमोर तिने चित्र पूर्ण स्क्रीनभर लावलं. ही त्या वेळेची फाईल नव्हेच, मुकादम म्हणाला. तिने नुसतं चित्रातल्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. अकरा अठ्ठावीस. साहेब म्हणाले, बंद करा ते.

"मशीन तुमच्या हातात होतं साहेब, तेव्हा बंद केलं नाहीत. आता हे माझ्या हातात आहे."

पट्टीतल्या थोट्या बोटाने तिने स्पेसबार दाबला. पडद्यावर मुकादम थिजला, हातात पाना, पायाशी जाळी. अधिकाऱ्यांपुढचा कोरा कागद तिने त्यांच्याकडे आणखी जरा सरकवला.

"घ्या लिहायला. वेळ कुठल्या घड्याळाची घालायची, ते मुकादमांना विचारा."