सातव्या गोट्याला बुडालेली होडी

मी एक होडी बोलतेय. लांबी दोन विती, रुंदी एका पंजाएवढी, आणि धंदा बुडण्याचा. हसायचं तर हसा. मी माणसं पाहिली ती बहुतेक घमेल्याच्या तळाशी पडून, वरच्या पाण्यातून वाकडीतिकडी दिसणारी. त्यामुळे तुमच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते सुधारावं असं तुम्हीही काही केलेलं नाही.

माझा जन्म थोंगयोंग या बंदराच्या गावचा. बंदरामागच्या गल्लीत क्वाक दोकबे नावाचा सुतार होता. चाळीस वर्षं त्याने कोळ्यांच्या होड्या बांधल्या. मग फायबरच्या होड्या आल्या आणि त्याच्याकडे कुणी येईनासं झालं. तरी तो रोज सकाळी रंध्याच्या पात्याला धार लावायचा. कशासाठी, असं विचारायला कुणी उरलं नव्हतं.

त्याची मुलगी हेजिन बालवाडीत बाई होती. एका संध्याकाळी ती लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक काखोटीला मारून आली.

"बाबा, मला एक होडी करून द्या."

"कसली?"

"बुडणारी."

म्हाताऱ्याने रंधा खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी लोकांना उलटं सांगत आलो."

"लगेच बुडायला नको. एकेक ओझं घेत घेत बुडली पाहिजे. पोरांना मोजायला सापडलं पाहिजे."

त्याने देवदाराची एक उरलेली फळी काढली आणि तीन दिवस तो माझ्यामागे लागला. बादलीत घालून बघायचा, काढायचा, पुसायचा, पुन्हा तासायचा. शेवटी म्हणाला, "घे. बुडेल तेव्हा सरळ बुडेल. कलंडून पोरांना फसवणार नाही." मी पाहिलेल्या माणसांत मनापासून मान द्यावा असा तो एक. बाकीच्यांचं पुढे सांगते.

त्या पुस्तकात एक म्हातारं अस्वल घर बदलतं. नदीपलीकडे जायचं असतं, होडी छोटी, आणि सामान म्हणजे लोणच्यांनी भरलेल्या मातीच्या बरण्या. दर पानावर ते एक बरणी चढवतं आणि होडी थोडी खाली जाते. एका पानावर होडी बुडते. किती बरण्यांना, ते पुस्तकात लिहिलेलंच नाही. चित्रात काही बरण्या एकमेकींच्या मागे लपल्या आहेत.

हेजिन बाई ते पान उघडं ठेवून मुलांकडे बघत गप्प बसायच्या. गप्प बसता येणारी मोठी माणसं मी फार थोडी पाहिली. मुलं जरा वेळ चुळबुळ करायची, मग कुणीतरी म्हणायचं, "आपण करून बघू या."

मग घमेल्यात पाणी भरायचं, मला त्यात सोडायचं, आणि बाईंनी समुद्रावरून वेचून आणलेले काळे गोटे एकेक करून माझ्यात ठेवायचे. आधी प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. कुणी म्हणे पाच, कुणी म्हणे शंभर. मी कधी नऊला बुडायचे, कधी अकराला.

"तू मोठे मोठे घातलेस," रोउन नावाचा एक बोलका पोरगा तक्रार करायचा.

"मी नाही, तूच सगळे एका बाजूला घातलेस."

"मग पुन्हा."

पुन्हा. दिवसात दहा वेळा. माझ्यासारखं कामाला लागलेलं लाकूड त्या इमारतीत दुसरं नव्हतं.

त्या वर्गात दानबी नावाची एक मुलगी होती, पाच वर्षांची. तिची आई कालवांच्या शेडवर शिंपले फोडून कालवं काढायची. ती मुलीला सकाळी सगळ्यांच्या आधी, अंधार असतानाच सोडून जायची. दानबी फारसं बोलायची नाही. छापील कागद समोर आला की पेन्सिल धरून बसायची आणि कागद कोरा परत द्यायची. घमेल्यापाशी मात्र कोपरापर्यंत ओली असायची. गोटा माझ्यात ठेवण्याआधी ती तो तळहातावर तोलायची. जड असला तर मधोमध ठेवायची, हलका असला तर कडेला. एकदा तिने माझ्यात तेरा ठेवले आणि मी तरंगत राहिले. तेराव्याला तिने श्वास रोखला होता. मीही.

हे सगळं तिच्या नावाच्या कागदावर कुठेच लिहिलं गेलं नाही. कागदावर लिहिलं होतं, 'संख्याज्ञान: मागे'. बालवाडीच्या मुख्य ब्योन बाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी दानबीच्या आईला बोलावून सांगितलं होतं, "हिला शाळेत एक वर्ष उशिरा घाला. कोरे कागद देते. तिथे रडेल." आईने मान डोलावली आणि कामावर गेली. तिला रडताना मी पाहिलं नाही, पण दारातून बाहेर पडल्यावर ती बराच वेळ बूट घालत होती.

मोठ्या बाईंचं माझ्यावर प्रेम नव्हतं. त्यांचं प्रेम कागदांवर. प्लास्टिकच्या आवरणातले कागद, रंगीत कागद, पालकांनी सही करायचे कागद. पलीकडच्या रस्त्यावरच्या बालवाडीने 'वीसपर्यंत बेरीज' असा फलक लावल्यापासून त्यांची झोप उडाली होती. आणि पालक तरी काय. आया फोनवर एकमेकींना कळवायच्या की आमची कुठवर मोजते. जिची चाळीसपर्यंत मोजायची ती, जिची तीसपर्यंत मोजायची तिला, "होईल गं हळूहळू," असं लिहायची. ते पोर चाळीस काय मोजतं, हे कुणी विचारत नव्हतं. काहीच मोजत नव्हतं. नुसतं म्हणत होतं.

डिसेंबरात पालकांना वर्ग दाखवायचा दिवस ठरला. मोठ्या बाई आदल्या आठवड्यात वर्गात आल्या.

"हेजिन बाई, त्या दिवशी ही होडी कितीला बुडेल?"

"सांगता येत नाही, मोठ्या बाई. कधी नऊ, कधी अकरा. त्यातच तर गंमत—"

"गंमत लोकांना घरी पुष्कळ आहे. इथे ते उत्तर बघायला येतात. दहा करा."

"होडीला कसं सांगू?"

"होडीला कोण सांगतंय? मुलांना सांगा." मग पुस्तक चाळत म्हणाल्या, "आणि हे पुस्तक कसलं? यात उत्तरच नाही."

हेजिन बाईंनी पुस्तक त्यांच्या हातून घेऊन मिटून ठेवलं. त्यांचा करार फेब्रुवारीपर्यंतचा होता आणि तो पुढे चालवायचा की नाही हे मोठ्या बाईंच्या हातात होतं. त्या दिवशी मला हेजिन बाईंचाही राग आला. अजून थोडा आहे.

मोठ्या बाईंनी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून पांढरेशुभ्र, सगळे सारखे असे गोटे आणले. करून बघितलं, मी बरोबर दहाला बुडाले. त्या खूश झाल्या, आणि खूश झालेलं मोठं माणूस काय करील याचा नेम नसतो. त्यांनी मला रंगवायला दिलं. लाल तेलरंगाचे दोन जाड हात, वर सोनेरी अक्षरांत बालवाडीचं नाव, मधोमध काठी, काठीला निशाण. माझ्या सुताराने हे पाहिलं असतं तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता. रंगवल्यावर मला पाण्यात घालून बघावं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आठवडाभर मुलांकडून घोकून मात्र घेतलं: एकापासून दहापर्यंत मोठ्याने म्हणायचं, मग दोन्ही हात वर करून 'बुडाली' म्हणायचं. दानबीला मागच्या रांगेत उभं केलं होतं. तिने नुसते हात वर करायचे.

तो दिवस आला. पालक बसले, फोन वर झाले. दानबीची आई उशिरा आली, शेडवरून तासाभराची सवड काढून, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत. कालवांचा वास आला तशी शेजारच्या दोन बायांनी खुर्च्या हलक्या हाताने सरकवल्या. त्याच रात्री घरी बसून त्या कालवं घातलेला भात खाणार होत्या.

गोटे ठेवायचं काम रोउनचं होतं. एक, दोन, तीन. मी पहिल्यापासूनच खोल बसले होते, काठीमुळे डोलत होते. पाच. सहा. सातव्या गोट्याला पाणी काठावरून आत आलं आणि मी गेले. सरळ गेले. म्हाताऱ्याच्या कामात खोट नव्हती.

वर मुलं म्हणत होती, "आठ."

मी तळाशी पडलेले, आणि रोउनने आठवा गोटा माझ्यावर टाकला. "नऊ." तोही आला. "दहा." दहावा माझ्या निशाणावर आपटला. मग पंधरा जोड्या हात वर गेले, "बुडाली!" आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या. सगळे आपापल्या फोनमधल्या आपापल्या पोराकडे बघत होते. घमेलं दोन हातांवर होतं.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून दानबी पुढे आली. तिचे हात खालीच होते.

"सातला बुडाली."

मोठ्या बाई हसल्या. "दहाला, बाळा. सगळ्यांनी मोजलं ना?"

"सगळ्यांनी म्हटलं. ती सातला बुडाली. बाकीचे तीन तिच्या अंगावर टाकले."

मी तिचं इतकं लांब बोलणं पहिल्यांदाच ऐकलं. मोठ्या बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. "हेजिन बाई, सांगा हिला."

हेजिन बाई माझ्याकडे बघत होत्या. पाण्यातून त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण हात दिसले. त्या बाह्या वर करत होत्या. गुडघ्यावर बसल्या, दोन्ही हात पाण्यात घातले आणि मला गोट्यांसकट बाहेर काढलं. एकेक गोटा काढून जमिनीवर मांडला. सगळी खोली बघत होती. सात. मग घमेल्याच्या तळाचे वेगळे मांडले. तीन.

"दानबीचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सात." मग तिच्याकडे वळून, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच, त्यांनी विचारलं, "लवकर का बुडाली असेल गं?"

दानबीने मला घेतलं आणि तळहातांवर तोललं, गोटा तोलायची तसं. "जड झालीय. रंगाने. आणि या काठीने."

"काठी काढून बघू या," रोउन म्हणाला. इतका वेळ त्याचाही जीव घुसमटला असावा.

मग काय, पोरं घमेल्यावर तुटून पडली. काठी उपटली, पुन्हा मोजलं, आठ. एकाने नखाने रंग खरवडायला घेतला. पाणी सांडलं, ठेवणीतले कपडे भिजले, आया "अरे, बाही, बाही" करत धावल्या. एका बापाने फोन खिशात घातला आणि तो उकिडवा बसून बघू लागला. एकानेच. त्या खोलीत त्या वर्षभरात पालकांना जे काही दाखवलं गेलं, त्यात खरं तेवढंच होतं, आणि मोठ्या बाई ते थांबवायला टाळ्या वाजवत होत्या.

नंतर तांदळाचे उंडे आणि चहा वाटताना त्या दानबीच्या आईपाशी गेल्या. आवाज मऊ होता.

"दानबीच्या आई, चारचौघांत कसं वागायचं ते मुलीला घरी शिकवायला हवं."

आईने कप खाली ठेवला. तिच्या बोटांना सुरीचे जुने कापे होते. "मोठ्या बाई, आमच्याकडे कालवं वजनावर घेतात. सातला दहा म्हणणारीला शेडवर दुसऱ्या दिवशी कुणी सुरी देत नाही." मग म्हणाली, "ती मागे आहे असं तुम्ही लिहिलेला कागद मी घरी जपून ठेवलाय. आज जाऊन फाडते. मार्चमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा ती जाईल. वेळेवर."

आणि गेलीही. हे मी ऐकीव सांगत नाही. नवं दप्तर पाठीला लावून ती आईबरोबर बालवाडीच्या दाराच्या काचेसमोरून गेली, ते मी पाहिलं.

हेजिन बाईंना फेब्रुवारीत सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी बाई पुरेशा आहेत. त्यांनी सामान आवरलं, अस्वलाचं पुस्तक पिशवीत घातलं, आणि मला मागितलं.

"होडी संस्थेची आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझ्या वडिलांनी केलीय."

"संस्थेसाठी केलीय."

हेजिन बाईंनी माझ्या काठावरून एकदा बोट फिरवलं आणि त्या गेल्या. आता त्या इथून बोटीने तासाभरावरच्या योकजी बेटावर असतात. तिथे वर्गात चार मुलं आहेत म्हणे. म्हाताऱ्याने त्यांना दुसरी होडी करून दिली, असं दूध टाकायला येणाऱ्या माणसाने सांगितलं. माझ्याइतकी चांगली नसणार. पण ती ओली असेल, आणि त्याचा मला हेवा वाटतो.

मी काचेच्या कपाटात आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला. लाल रंग पुन्हा दिलाय, काठी पुन्हा ठोकलीय, आणि खाली पाटी आहे: 'आम्ही खेळातून गणित शिकवतो.' नवे पालक माझा फोटो काढतात. आत मुलं कागदावर छापलेल्या होडीत छापलेले गोटे मोजतात. कागदावरची होडी कधी बुडत नाही, म्हणून ती सगळ्यांना आवडते.

मध्यंतरी शाळा सुटल्यावर दानबी एकटीच आत आली. काचेला नाक लावून तिने मला बराच वेळ बघितलं. मोठ्या बाई बाहेर आल्या.

"हिला पाण्यात कधी घालता?" तिने विचारलं.

"ती शोभेची आहे आता."

"ती वाळून फाटतेय. तळाला चीर पडलीय."

"कुठे? काही दिसत नाही."

दानबीने बोट ठेवून दाखवलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि म्हणाल्या, "घरी जा, आई वाट बघत असेल."

चीर खरी आहे. दर हिवाळ्यात इथे घराची जमीन खालून तापवतात, तिची कोरडी धग लागली की ती चीर थोडी पुढे सरकते. मला आता काचेतून सोडवू नका. मी तरंगणार नाही. माझं राहू द्या. तुमच्या घरात घमेलं असेल, एखादी वाटी असेल, चार गोटे तर कुठेही मिळतील. मूल जो आकडा सांगेल तो ऐका, आणि वाटी बुडेपर्यंत तोंड मिटून बसा. एवढंच मागते. तुम्हाला ते जमणार नाही, हे ठाऊक असून मागते.