प्रसादाच्या पोत्यावरचं भोक

मंडळी, सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात हवीच. आमच्या कोपरखैरण्याच्या वसाहतीत दुपारी दोन ते चारचा पहारा जोतीरामचा. जोतीराम वाशीच्या धान्यबाजारात पोती वाहतो. मूळचा साताऱ्याकडचा, आणि अकरा वर्षं सप्ताह मंडळाचा अध्यक्ष.

त्या दुपारी एका हाताने तार छेडत तो दुसऱ्या हाताने मोबाईल बघत होता. चूक लहान, पण सुरुवात तिथूनच झाली! सोसायटीच्या ग्रुपवर वसाहतीतल्याच विश्वजित नावाच्या पोराने फोटो टाकला होता. ‘महाप्रसादाच्या पोत्यांना भोकं! तांदळात काहीतरी टोचलंय. टेम्पो कुणाचा ते सांगायला नको. सगळे गेटवर या.’

जोतीरामने फोटो नीट पाहिलासुद्धा नाही. असले निरोप महिनोन्महिने वाचून मन आंबलं होतं. सप्ताहाचा तांदूळ अकरा वर्षं आपल्या टेम्पोतून आणणाऱ्या मुनाफला तो हल्ली रामरामही घालत नव्हता. अंगठा फिरला आणि फोटो बाजारातल्या तीन ग्रुपवर गेला.

मग त्याने फोटो मोठा केला.

गोल भोक, आणि शेजारी तिरकी चीर. ही खूण बाजारात पोती ओढायच्या एकाच लोखंडी आकड्याची. त्याच्या स्वतःच्या! फरशीवर आपटून त्याचं टोक वाकलेलं होतं. मंडळाचा नेम होता की प्रसादाच्या पोत्याला लोखंड लावायचं नाही, पोतं दोन्ही हातांनी उचलायचं. पण सकाळी वाशीला कंबर धरली होती, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि जोतीरामने आकडा मारून पोती ओढली होती.

गेटकडून आरडाओरडा आला. पाठोपाठ काच फुटल्याचा आवाज.

जोतीरामची बायको, आमच्या शालनवहिनी, धावत मंडपात आल्या. “आवं, मुनाफभाईंचा टेम्पो घेरलाय पोरांनी! ते आत काच वर करून बसल्यात. तुमी जावा की!”

“वीणा हाय गळ्यात. पहारा सोडून कसा जाऊ?”

वहिनींनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तीस वर्षांचा संसार. चेहरा वाचायला चष्मा लागत नव्हता. “काय लपवताय?”

जोतीरामने मान खाली घातली आणि फोटो पुढे केला. आकडा रोज घरातल्या खुंटीला टांगलेला असायचा. वहिनींनी खूण ओळखली.

“मंग बोला की जाऊन!”

“अगं, अध्यक्षानंच नेम मोडला म्हनतील. कीर्तनात बुवांच्या म्होरं कसा उभा राहू?”

“आन् त्या मानसाचं टाळकं फुटल्यावर कसं उभं राहाल? देवाला काय, तुमच्या गळ्यात नुसतं लाकूड आन् तारा पायजेत व्हय? आना इकडं ती वीणा! पहारा मी देते. तुमी तोंड उघडा.”

आणि त्यांनी वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली. तार एकदाही थांबली नाही.

जोतीराम घरात शिरला, आकडा काढला आणि पळत सुटला. लोखंड हातात घेऊन अध्यक्ष येताहेत म्हटल्यावर पोरांना जोर आला.

“काका आले! आता सोडायचा नाय याला,” विश्वजित ओरडला.

जोतीराम टेम्पोच्या मागे गेला. त्याने आकडा एका पोत्यात घातला आणि ओढला. गोल भोक, तिरकी चीर. जुन्या भोकाशेजारी नवं भोक, अगदी जुळं!

“बघा रे! ही सगळी भोकं माझी हायत. नेम मी मोडला. या मानसानं पोत्याला हातसुद्धा लावला नाय.”

पोरं टेम्पोपासून मागे सरली. मग विश्वजित पुटपुटला, “पण काका, बाजारातल्या ग्रुपवर मी पण आहे. तुम्ही पण फॉरवर्ड केलात ना?”

“केला! न बघता केला. आकड्यानं पोतं फाटलं, अंगठ्यानं मानूस. पोतं शिवता येतं रे!”

मुनाफने दार उघडलं. कपाळावर काचेचा ओरखडा होता. “जोतीरामभाऊ, पोरांचं सोडा. तुमी तरी फोन करून विचारायचं होतं.” एवढंच बोलून, तांदूळ उतरल्यावर तो निघून गेला.

संध्याकाळी धनाजीबुवांनी कीर्तन थांबवून जोतीरामला पुढे बोलावलं. त्याने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. त्याच जागी ठरलं, की मंडळाचे, महिला बचत गटाचे, माथाडी टोळीचे आणि मशिदीच्या कमिटीचे मिळून दहा जण नेमायचे. असा निरोप आला की आधी त्यांनी जागेवर जाऊन बघायचं आणि खरं काय ते सगळ्या ग्रुपवर सांगायचं. पहिलं नाव विश्वजितने स्वतःचं दिलं. काचही त्यानेच बसवून दिली.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, भांडी न्यायला टेम्पो येईल का, या घोराने जोतीराम सकाळपासून आतबाहेर करत होता. बारा वाजले. एक वाजला. मग ओळखीचा हॉर्न वाजला! शालनवहिनींनी पहिलं पान मुनाफचं वाढलं. भात त्याच पोत्यांतला होता. जोतीराम आणि मुनाफ शेजारी बसले. फारसं बोलले नाहीत, पण जेवले.

बंधूंनो, भगिनींनो, द्वेष बाहेरून कुणी पेरतो खरा, पण त्याला पाणी आपलाच अंगठा घालतो. निरोप पुढे ढकलण्याआधी जागेवर जाऊन बघा, माणसाला विचारा, आणि चूक आपली निघाली तर चारचौघांत सांगा. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देता येते. खरं बोलण्याचा पहारा मात्र ज्याचा त्यालाच द्यावा लागतो!