लाल रेघेच्या खाली

कपडे बदलायच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर कोचनं एक लाल रेघ मारून ठेवली होती. बचावात खेळणारी नवी मुलगी क्लबात आली की तिला बूट काढून, टाचा चौकटीला चिकटवून उभं करायचं. डोकं रेघेला लागलं तर ती स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभी राहून येईल त्याला अडवणारी. डोकं खाली राहिलं तर साइड बॅक, म्हणजे मैदानाच्या कडेनं वरखाली पळणारी. पोरगी आजवर कुठे खेळली, तिला काय येतं, हे विचारायची पद्धतच नव्हती. चौकट सांगायची आणि कोच ऐकायचा.

लवंगीचं डोकं त्या रेघेच्या चांगलं वीतभर खाली राहिलं.

"कडेला," कोच म्हणाला. "डावीकडे. चल, पुढची."

"सर, मी स्टॉपर आहे. शाळेपासून मध्येच खेळलेय."

कोचनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. "मूर्ती लहान, पण कीर्ती महान," तो हसून म्हणाला आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलीही हसल्या.

ही म्हण लवंगीनं आयुष्यात इतक्यांदा ऐकली होती की ती पहिल्यांदा कुणी काढली हे कळलं असतं तर त्याच्या नडगीवर तिनं बुटासकट लाथ घातली असती. म्हण कौतुकाची, पण म्हणणारा दर वेळी तिच्यापेक्षा उंच. आताही तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिच्या बाबतीत अंतरही कमी होतं. अंगानं एवढीशी आणि तोंडानं तिखट, म्हणून मावशीनं तिला लहानपणीच लवंगी करून टाकलं होतं, ते काही उगाच नाही.

आईच्या मागे तिला वाढवलं मावशीनंच. मावशी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहून गरम रुळांतून निघणाऱ्या चादरी ओढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन बोटांना तेल लावत बसायचं. घर म्हणजे एक खोली, समोरच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी, आणि त्या खिडकीत उलटे वाळत घातलेले लवंगीचे बूट. बूट दिसले की मावशीचं तोंड सुरू व्हायचं.

"महिनाभर खेळून घे," तिनं बजावलं होतं. "क्लबानं ठेवलं तर देव पावला. नाही ठेवलं तर पहिल्या तारखेला माझ्याबरोबर घड्या घालायला यायचं. मुकादमाच्या हातापाया पडून जागा धरून ठेवलीये मी. आणि मग त्या फुटबॉलचं नाव घरात काढायचं नाही."

"ठेवतील गं."

"तोंडात साखर पडो म्हणायला क्लबवाले काही बोललेच नाहीत अजून. तुझं तूच काय ते गोड मानून घेतेस."

आणि क्लबात बचावाची जागा होती एक. कोचनं पहिल्याच दिवशी तसं सांगून टाकलं होतं.

आता बुटकी माणसं चपळ असतात, हे जगानं परस्पर ठरवून टाकलंय. लवंगी चपळ नव्हती. शाळेच्या शर्यतीत ती शेवटून दुसरी यायची, आणि शेवटची जी असायची तिच्या पायाला काहीतरी झालेलं असायचं. लवंगीकडे होतं ते वेगळंच. बॉल कुणाच्या पायातून कुणाकडे जाणार, हे तिला मारणारीच्या आधी कळायचं. ती तिथे चालत जाऊन उभी राहायची. मध्ये उभं असलं की सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून हे जमायचं. कडेला अर्ध्या अंगाला नुसती मैदानाची रेघ, आणि उरलेल्या अर्ध्यातून समोरच्यांची कडेनं पळणारी विंगर सुसाट निघून जाते. महिनाभर विंगर निघून जात राहिल्या आणि लवंगी त्यांच्या पाठी बघत राहिली.

कोच प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर सगळ्यात वर बसायचा आणि कर्ण्यातून ओरडायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या मैदानावर रोज बघायला मिळायचं. "लवंगी, पाय उचल. अगं, एवढंसं अंग, ते तरी हलव." तिनं एकदा वर जाऊन मध्ये खेळवायची विनंती केली, तर म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

दुसरीकडे शिडी होती, उंचीमुळे सगळ्या शिडी म्हणायच्या ती नवी मुलगी. तिचं डोकं लाल रेघेच्या वर गेलं होतं आणि तिला मोजताना कोचचा चेहरा असा फुलला होता, जणू पोटची पोर परीक्षेत पहिली आली. शिडी स्टॉपर झाली. पण शिडीला एका जागी उभं राहणं जमायचं नाही. बॉल दिसला की निघाली त्याच्यामागे, आणि गोलसमोर बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी. पळायची मात्र अशी, की बघत राहावं.

"मध्ये उभं राहिलं की मला कोंडून घातल्यासारखं होतं," बाकावर बुटांच्या नाड्या सोडताना ती एकदा म्हणाली. "कडेला द्या म्हटलं सरांना."

"मग?"

"म्हणाले, देवानं एवढी उंची दिलीये, वाया घालवू नकोस."

लवंगीनं बूट भिंतीवर आपटला. चिखल उडाला तो शिडीच्या टॉवेलवर. "तुझी उंची वाया जाऊ नये म्हणून माझं डोकं वाया घालवतोय तो," ती म्हणाली. "आणि तू ऐकून घेतेस." शिडी नुसती टॉवेल झटकत राहिली, आणि त्याचाही लवंगीला राग आला.

महिन्याच्या शेवटी नव्या मुली विरुद्ध जुन्या मुली असा सामना ठेवला. त्यावरच निकाल. नव्यांच्या गोलमध्ये आक्का उभी राहिली. आक्का क्लबातली सगळ्यात जुनी गोलकीपर, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, तोंडात सतत काहीतरी कुरकुर. आदल्या दिवसाच्या पावसानं गोलसमोरची जमीन चिखल झाली होती.

पहिला गोल लवकरच बसला, आणि तो लवंगीच्याच बाजूनं. विंगर तिला मागे टाकून गेली, मध्ये पास दिला, शिडी भलतीकडे. वरून कर्णा गरजला. "लवंगी, झोपलीस का?"

लवंगीनं पायऱ्यांकडे पाहिलं. मग ती सरळ चालत मैदानाच्या मध्यात आली.

"शिडी, तू कडेला जा."

"सर बघतायत."

"बघू देत. तुला कडेला जायचंय की नाही?"

शिडीनं एकदा वर पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि सुटलेल्या वासरासारखी डावीकडे पळाली. आक्का मागून म्हणाली, "कोण कुठे ते पटकन ठरवा बायांनो, मला चिखलात लोळायची हौस नाही."

मग काही झालं नाही. खरंच काही झालं नाही, आणि तेच सांगायचंय. जुन्यांची फॉरवर्ड बॉल घेऊन वळली की समोर लवंगी उभी असायची. पास द्यायला जागा शोधावी, तर तिथे लवंगीनं आधीच कुणाला तरी सरकवलेलं असायचं. "दोन पावलं आत ये. तू तिला सोड, ती देणारच नाही. मागे बघ." ती ओरडत नव्हती, शेजारणीला सांगावं तसं सांगत होती. उंच बॉल यायचे थांबले, कारण उंच बॉल मारणारीला मान वर करायलाच सवड मिळेना. आणि कडेनं शिडी दोनदा समोरच्या गोलपर्यंत जाऊन आली. मध्यंतराला आक्काचे पांढरे हातमोजे जवळजवळ कोरे होते.

कोच पायऱ्या उतरून खाली आला तो शिडीकडेच. "वा. अशी पळतेस हे आधी सांगायचंस. मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं." मग लवंगीकडे वळला. "आणि तू. न विचारता मध्ये गेलीस ते गेलीस, जाऊन केलंस काय? एकदाही पाय घातला नाहीस. एकदाही पडली नाहीस. कपडे बघ, इस्त्रीतून काढल्यासारखे. नुसती उभी."

"काही करावं लागलं नाही, सर."

"तेच म्हणतोय मी."

"का करावं लागलं नाही ते—"

"नशीब तुझं, उंच बॉल आला नाही," तो म्हणाला. "मी गोलकीपर होतो. माझी उंची ही अशीच, बेताची. फायनलला एक बॉल माझ्या बोटांवरून आत गेला. इतकुसं अंतर. लोक अजून मला भेटले की त्याच बॉलचं बोलतात. उंचीला औषध नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. बाहेर बस."

नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय. त्यानं राखीव बाकावरची सगळ्यात उंच मुलगी मध्ये घातली आणि लवंगी रेघेबाहेर बसली. तिला वाफ दिसत होती, गरम रूळ दिसत होते, मावशीची तेल लावलेली बोटं दिसत होती. जे येतं ते करून दाखवलं, आणि ते दिसलंच नाही म्हणून हाकललं. चुकले असते, धडपडले असते, चिखलात लोळले असते, तर म्हणाला असता पोरगी मेहनती आहे.

दुसऱ्या अर्ध्यात वाट उघडी पडली. लवंगी बसल्या जागेवरून ओरडत होती, "उजवीकडे देणार ती, उजवीकडे," आणि बॉल उजवीकडेच जात होता, आणि आत. आक्का एकदा पडली, परत पडली, हातमोजे काळे झाले. आणखी एक गोल बसला तेव्हा तिनं बॉल जाळीतच राहू दिला. ती लंगडत, मैदान ओलांडून खाली बाकावर बसलेल्या कोचपाशी आली आणि हातमोजे काढून तिनं त्याच्या मांडीवर ठेवले.

"हे काय?" कोच म्हणाला.

"मघाशी हे कोरे होते, तुम्ही पाहिलेत. आता हे बघा. तुम्ही म्हणता ती नुसती उभी होती. तिच्या मागे तुम्ही उभे राहून बघा."

"आक्का, जागेवर जा."

"माझे गुडघे गेलेत, सर. मला नाही जमत." आणि ती बाकावर बसून पाणी प्यायला लागली.

जुन्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या. कोचचा चेहरा लाल झाला. पण सगळा क्लब बघत होता, आणि कधीकाळचा का असेना, तो गोलकीपर होता. त्यानं हातमोजे चढवले, मधल्या उंच मुलीला बाहेर काढलं आणि लवंगीला मानेनंच आत यायची खूण केली.

ती गोलसमोर उभी राहिली. मागे कोच. त्याचं तोंड तिथेही बंद होईना. "डावीकडे बघ. मागे ये. मागे."

"सर, गप्प राहा," लवंगी मागे न वळता म्हणाली. "मला खेळ दिसत नाही."

तो गप्प राहिला, कारण बोलण्यासारखं काही उरलं नाही. बॉल त्याच्यापर्यंत येईना. तो हातमोजे एकमेकांवर आपटायचा, चार पावलं इकडे, चार तिकडे. एकदा बॉल घ्यायला तावातावानं पुढे धावला, तर लवंगीनं तो आधीच घेऊन शिडीकडे दिला होता. लोक हसले. तो परत जाऊन उभा राहिला.

शेवटी शेवटी जुन्यांना कॉर्नर मिळाला, मैदानाच्या कोपऱ्यातून बॉल मारायला. लवंगीनं शिडीला हाक मारली, "आत ये, माझ्या शेजारी." शिडी लांबून निघाली, पण तिला उशीर झाला. बॉल उंच आला. लवंगीनं अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून उडी मारली. तो तिच्या केसांवरून गेला, मागच्या मुलीनं डोकं लावलं, कोचनं झेप घेतली, आणि बॉल त्याच्या बोटांवरून जाळीत गेला. इतकुसं अंतर.

कोच चिखलातून उठला. हनुवटीवर चिखल, आणि तरी त्याला आपलंच खरं ठरल्याचा आनंद झाला होता. "बघितलंस? हाच. हाच बॉल मी महिनाभर सांगतोय. गेला तुझ्या डोक्यावरून."

लवंगीनं जाळीतून बॉल काढला आणि त्याच्या हातात दिला.

"गेला माझ्या डोक्यावरून," ती म्हणाली. "आणि मग तुमच्या बोटांवरून. एका बॉलनं माणूस मोजायचा असेल तर दोघांनाही काढा. नाहीतर दोघांनाही ठेवा."

बाकावरून आक्का तेवढी एकटी हसली, आणि तीही लवकर थांबली. कोच बॉलकडे बघत उभा राहिला. मग त्यानं हातमोजे काढले. एकेक बोट ओढून काढले, सावकाश.

"शिडी," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "उद्यापासून डाव्या कडेला. आणि कॉर्नर असला की हिच्या शेजारी यायचं. आज उशीर केलास तसा करायचा नाही."

"सर, पण जागा तर एकच," शिडी म्हणाली.

"क्लब माझा आहे. जागा मी बघतो."

एवढंच. चुकलं म्हणाला नाही, लवंगीकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी मावशीनं ऐकलं, तेलाची बाटली बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आता मुकादमाला मी कोणत्या तोंडानं सांगू?" पण सांगायला ती सकाळी नेहमीपेक्षा लवकर निघाली.

लाल रेघ अजून चौकटीवर आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दर हंगामात नव्या मुली येतात, बूट काढतात, टाचा चिकटवून उभ्या राहतात. लवंगी तिथेच बाकावर बुटांच्या नाड्या बांधत बसलेली असते, आणि आपला राग तिनं काही कमी केलेला नाही. कोच तोंड उघडायच्या आत ती मान वर करून पोरीला विचारते, "तू आजवर कुठे खेळत आलीस गं?" कोच घड्याळात बघतो, पण पोरीचं सांगून होईपर्यंत थांबतो.